तंबाखू सोडणाऱ्याला एकटे सोडू नका

आपल्या समाजात दारूच्या विरोधात जेवढे बोलले गेले, तेवढे तंबाखूच्या विरोधात बोलले गेले नाही. दारू पिऊन आलेल्या माणसाला विहाराच्या पायरीवरच अडवले जाते. जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत तो बोलायला उठला तर चार लोक "खाली बस" म्हणून ओरडतात. पण गालात तंबाखूची गोळी धरलेला माणूस त्याच बैठकीचा अध्यक्ष असू शकतो आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. लग्नाच्या मांडवात तंबाखूचे तबक फिरते, साखरपुड्यात फिरते, नामकरणात फिरते. एवढेच काय, कुणी वारले आणि आपण दारावर गेलो, तर पाण्याच्या तांब्यामागोमाग तंबाखू-चुन्याची थाळी पुढे येते. तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या दारावरसुद्धा ही थाळी फिरताना अनेकांनी पाहिली असेल.

याचे कारण उघड आहे. दारुड्याचा त्रास घराला आणि गल्लीला रोज दिसतो. तंबाखू खाणारा कुणाला शिव्या देत नाही, बायकोला मारत नाही, सकाळी वेळेवर कामावर जातो. त्याचे नुकसान वीस-पंचवीस वर्षे गालाच्या आत चाललेले असते. जेव्हा ते बाहेर दिसते, तेव्हा मुंबईच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी हातात आलेली असते आणि घरातला एकुलता एक दागिना सराफाकडे गेलेला असतो.

या विषयावर बोलायला उभे राहिले की दर सभेत एक तरी बांधव विचारतो, "भाऊ, बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, तंबाखूचे कुठे आहे?" प्रश्न चुकीचा नाही. भगवान बुद्धांच्या काळी या देशात तंबाखूच नव्हती. ती अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली, त्याला चारशे वर्षांपेक्षा थोडा अधिक काळ झाला. तेव्हा पाचव्या शीलात तिचे नाव शोधण्यात अर्थ नाही. ते शील प्रमादाला, म्हणजे माणसाची सावधानता घालवणाऱ्या गोष्टींना उद्देशून आहे. अर्ध्या तासाच्या वंदनेत ज्याला दोन वेळा पिचकारी मारायला बाहेर जावे लागते, त्याने आपले मन कुणाच्या ताब्यात आहे हे स्वतःच ठरवावे. हा वाद जिंकण्यात मला रस नाही. वादात हरलेला माणूस बाहेर जाऊन पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तंबाखू मळणे.

मात्र पंचशीलातली दुसरी एक गोष्ट या कामाला फार उपयोगी आहे. प्रत्येक शील आपण 'शिक्षापद' म्हणून ग्रहण करतो. हुकूम म्हणून नाही, शपथ म्हणूनही नाही, शिकण्याची पायरी म्हणून. आणि एकदा घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. चुकला तो पुढच्या रविवारी पुन्हा सर्वांसोबत हात जोडून बसतो. त्याला कुणी बाहेर काढत नाही. तंबाखू सोडण्याचे कामही नेमके असेच चालते. बहुतेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. दोनदा, चारदा, कधी त्याहूनही जास्त वेळा सोडावी लागते. ज्या समाजाला पुन्हा पुन्हा शील घेण्याची सवय आहे, त्याला हे समजायला जड जाऊ नये.

आता थोडे आकडे पाहू. २००९-१० च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील ३१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ च्या दुसऱ्या सर्वेक्षणात हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. म्हणजे सुटते, हे सिद्ध आहे. पण याच सर्वेक्षणातली दुसरी बाब पाहा. आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. सिनेमाच्या आधी धुराची जाहिरात लागते, पण आपले दुखणे धुराचे कमी आणि पुडीचे, मळलेल्या तंबाखूचे, मशेरीचे जास्त आहे. पाचोरा-जामनेर छोटी गाडी २०२० पर्यंत धावत होती. त्या डब्यात विडीवाल्याला लोक दाराशी पाठवत. मळणाऱ्याला मात्र शेजारचा माणूस हात पुढे करून चिमूटभर मागून घेई. ओळख नसलेल्या दोन माणसांत बोलणे सुरू व्हायचे ते या चिमटीवरून. तंबाखू ही मैत्रीची वस्तू होऊन बसली आहे, आणि सोडणाऱ्याला पहिली भीती वाटते ती हीच, की सोबतचे चारजण तुटतील.

सरकारने काही केले नाही असे नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि नंतर सुगंधित तंबाखू व सुपारीही तिच्यात आली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा ठरवले. कायद्याचा कागद चांगला आहे. पण पुडी कुठे मिळते हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. अनेक गावांत ती टपरी आपल्याच मुलाची असते. नोकरी लागली नाही म्हणून कर्ज काढून त्याने ती टाकलेली असते. त्याला शत्रू ठरवून काम होणार नाही. पुडीच्या माळेऐवजी चहा, बिस्किटे, वह्या, मोबाईलचे रिचार्ज यांवर त्याचा गल्ला कसा भरेल याचा विचार त्याच्याजवळ बसूनच करावा लागेल.

मोठ्या माणसांचीही यातून सुटका झालेली नाही. शरद पवारांवर तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीर सभांतून बोलून दाखवला. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले. ज्यांच्यापाशी मोटार होती, चांगले डॉक्टर होते, त्यांची ही गत. मग ज्याला दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याचे काय?

सुटत का नाही?

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. ते रक्तातून मेंदूत जाते आणि थोडा वेळ बरे वाटते. दोन-अडीच तासांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, मग जीव कासावीस होतो, आणि माणूस पुन्हा डबी उघडतो. तो सुखासाठी खातो असे आपण समजतो. खरे तर काही वर्षांनी तो फक्त कासाविशी थांबवण्यासाठी खात असतो. चुना कशाला लावतात? चुन्यामुळे हे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून अधिक सहज शोषले जाते. आपल्या आजोबांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण अनुभवाने त्यांनी हे बरोबर हेरले होते.

दुसरे कारण आपल्या कष्टाचे. कपाशी वेचायला, विटभट्टीवर, गवंड्याच्या हाताखाली सकाळी सातला गेलेल्या माणसाची भाकरी दुपारी एकला सुटते. तंबाखू भूक मारते, ही गोष्ट मजुराला आणि त्याला राबवणाऱ्याला दोघांनाही पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मालकाच्या घरून भाकर उशिरा येई, तंबाखूची चिमूट मात्र वेळेवर मिळे, असे म्हातारी माणसे सांगतात. तेव्हा 'ही माणसे अडाणी, म्हणून व्यसनी' असे जो म्हणतो त्याने सहा तास उन्हात उपाशी काम करून पाहावे.

बायकांचे वेगळे. पुरुष चारचौघांत मळतो, बाई मोरीत लपून मशेरी लावते. दाढ दुखते म्हणून सासूने किंवा शेजारणीने पहिल्यांदा बोटावर दिलेली असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका, आणि मांडीवर लेकरू. पुढे पुढे मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, डोके उठते, कामाला हात लागत नाही. दिवसातून एकदा होती ती पाच-सहा वेळांवर जाते. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात.

मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मशेरी किंवा अन्य बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. अडीच किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम ही थोडी गोष्ट नाही. अंगणवाडीतल्या काट्यावर तेवढ्या वजनासाठी आपण महिना महिना धडपडतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत प. पू. बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छतेचा, दुर्व्यसनांपासून दूर राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा सल्ला दिला होता. या तीन गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या, याचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही.

उपदेश नको, सोबत हवी

'सोड' म्हणणारे घरोघरी असतात. बायको म्हणते, मुलगी म्हणते, डॉक्टर म्हणतात, पाकिटावरचे सडलेल्या तोंडाचे चित्र म्हणते. तरी सुटत नाही. कशी सोडायची हे सांगणारा आणि सोडल्यानंतरचे दहा दिवस बाजूला राहणारा माणूस मात्र सापडत नाही. ही सोबत समाजच देऊ शकतो, आणि ती दिल्याने फरक पडतो याला आपल्याच देशातला पुरावा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील एक लाखावर खेडुतांची तोंडे तपासून १९७२ साली अहवाल प्रसिद्ध केला. पुढे केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात हजारो तंबाखू घेणाऱ्यांना ते दरवर्षी घरी जाऊन भेटत राहिले. तोंड तपासायचे, दोन शब्द समजुतीचे बोलायचे, पुन्हा पुढच्या वर्षी जायचे. दहा वर्षांत त्या लोकांत कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. मोठे औषध नव्हते, पुन्हा पुन्हा येणारा माणूस होता.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून प्रेमाने वागवण्याची रीत महाराष्ट्राला शिकवली. तिथे व्यसन सोडलेली माणसेच नव्याने आलेल्यांचा हात धरतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा उपक्रम चालवला. त्यात दारूबरोबर तंबाखूही धरली. गावागावांत संघटना उभ्या केल्या, शाळा आणि कचेऱ्या तंबाखूमुक्त करण्याचे ठराव झाले, सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तालुक्याला उपचाराची सोय केली. गडचिरोलीसारख्या जंगलातल्या जिल्ह्यात हे होऊ शकते, तर कपाशी-मक्याच्या आणि बऱ्यापैकी रस्त्यांच्या आमच्या जामनेर तालुक्यात का होऊ नये?

आपल्याकडे यासाठी नवीन संस्था काढण्याचीही गरज नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तालुक्याच्या दक्षिणेला डोंगरात अजिंठ्याची लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे म्हणून असे विहार कोरले गेले. आज या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते, बायका-माणसे संध्याकाळी आपणहून येतात. तंबाखू सोडणाऱ्याला सर्वात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांतच असतो. तेव्हा वाचनानंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास बसणे, एवढेच करायचे आहे.

आमच्या वस्तीत अशी बैठक सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी मोजकेच लोक आले आणि कुणीच बोलेना. मग आम्ही 'का खाता?' हा प्रश्न टाकून दिला आणि 'पहिली केव्हा खाता?' असे विचारले. एक गवंडीदादा म्हणाले, "डोळे उघडायच्या आधी. उशाखालीच डबी राहते." सगळे हसले आणि बोलणे सुरू झाले. सल्ला देणाऱ्याने कमी बोलावे आणि जास्त विचारावे, हे त्या दिवशी पक्के झाले. "दादा, तुम्हाला सोडावीशी का वाटते?" या प्रश्नाला माणूस स्वतःचे जे उत्तर देतो, ते आपल्या दहा भाषणांना भारी असते. गवंडीदादांचे उत्तर असे होते, की नात जवळ येत नाही, वास येतो म्हणून तोंड फिरवते. कर्करोगाचे त्यांना काही वाटत नव्हते. नातीचे वाटत होते. आम्ही नातीलाच धरून राहिलो.

पहिला आठवडा सोडायचे नाही, फक्त लिहायचे. शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवायची आणि प्रत्येक वेळी खाल्ली की एक रेघ मारायची. ज्याला लिहिता येत नाही तोही रेघ मारू शकतो. हा हिशोब माणसाला स्वतःलाच चकित करतो. "दिवसाला चार-पाच" म्हणणाऱ्याच्या चिठ्ठीवर सोळा रेघा निघतात. रेघा कुठल्या वेळेला दाट आहेत तेही कळते. कुणाच्या चहानंतर, कुणाच्या साहेब रागावल्यावर, कुणाच्या एसटीची वाट पाहताना. पैशाचा हिशोबही तिथेच मांडायचा. रोजचे वीस रुपये धरले तरी वर्षाचे ७३०० होतात. मुलाच्या वह्या-पुस्तकांचा, बसच्या पासाचा आणि एका गणवेशाचा खर्च त्यात भागून वर उरावे.

मग तारीख ठरवायची. पगाराचा दिवस नको, बाजाराचा नको, लग्नसराईतला तर नकोच. तारीख घरी सांगायची, कामावरच्या सोबत्यांना सांगायची. आदल्या रात्री डबी, पुडी, चुन्याची नळी घराबाहेर गेली पाहिजे. 'पाहुण्यांसाठी असू द्या' म्हणून फडताळात ठेवलेली पुडीच पुढे दगा देते.

पहिले तीन-चार दिवस सर्वात कठीण. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके दुखते, पोट साफ होत नाही, तोंडात फोड येतात. लोक म्हणतात, "सोडली म्हणून आजारी पडलो." हे आजारपण नव्हे, शरीर निकोटिन मागत असते. दोन ते चार आठवड्यांत यातले बहुतेक त्रास निवळतात. तलफ येते ती लाटेसारखी, पाच-दहा मिनिटे राहते आणि ओसरते. तेवढा वेळ काढता आला पाहिजे. पाणी प्यावे, जागा बदलावी, दीर्घ श्वास घ्यावेत, तोंडात बडीशेप, ओवा, लवंग किंवा भाजलेले जवस धरावे. सुपारी मात्र कदापि नको. तंबाखू सोडून सुपारीवर जाणारे पुष्कळ भेटतात. सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे आणि तिच्याने गालाची कातडी आखडून तोंड उघडेनासे होते.

याच दिवसांत जोडीदाराचे महत्त्व. आम्ही दोघा-दोघांच्या जोड्या लावतो. सकाळी उठल्यावर एकाने दुसऱ्याला फोन करायचा किंवा दारावरून हाक द्यायची, एवढेच. बाईचा जोडीदार बाईच असावी. त्यांची बैठकही दुपारी, पुरुष नसताना, कुणाच्या तरी ओसरीवर व्हावी. पुरुषांसमोर मशेरीचे नाव काढायला त्या तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. घरच्यांनीही पथ्य पाळायचे. नवरा चार दिवस तिरसटासारखा वागला तर "यापेक्षा खात होता तेच बरे होते" हे वाक्य बोलायचे नाही. या एका वाक्याने किती जणांची परत सुरू झाली असेल!

ज्यांची सवय फार जुनी आहे, सकाळी उठल्याबरोबर ज्यांना लागते, त्यांनी नुसत्या निर्धारावर अवलंबून राहू नये. निकोटिनची गोळी चघळण्याच्या रूपात मिळते. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०२२ सालापासून तिचा समावेश आहे. ती च्युइंगगमसारखी भराभर चघळायची नसते. हळू चावायची, जिभेला चुरचुर लागली की गालाशी धरून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. घेण्याच्या पंधरा मिनिटे आधी चहा किंवा इतर काही पिऊ नये. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. किती घ्यायची, किती दिवस घ्यायची हेही डॉक्टरच ठरवतील.

ज्याला विहारात येऊन बोलायची लाज वाटते त्याच्यासाठी फोन आहे. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा क्रमांक २०१६ पासून चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. रोज पाकीट फाडणाऱ्या किती जणांनी तो वाचला असेल कोण जाणे. पलीकडचा समुपदेशक तुम्ही काय घेता, किती वर्षांपासून, हे विचारतो, सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतो आणि पुढेही विचारपूस करतो. आम्ही बैठकीतच फोन लावून, आवाज मोठा करून सर्वांना ऐकवला. त्यानंतर दोघा-तिघांनी घरून स्वतः लावला.

गवंडीदादांचे चाळीस दिवस झाले होते. एका नातलगाच्या दारावर गेले, थाळी पुढे आली, मयताच्या घरी नाही कसे म्हणावे म्हणून चिमूट घेतली. पुढचे दोन रविवार ते दिसले नाहीत. तिसऱ्या रविवारी जोडीदाराने घरी जाऊन आणले, तर मागे भिंतीला टेकून बसले. कुणी 'का खाल्ली' विचारले नाही. कुठे, किती वाजता, हातात थाळी कुणी दिली, तेव्हा काय बोलता आले असते, एवढेच विचारले. त्यातून वस्तीच्या बैठकीत एक ठराव झाला, की आपल्या दारावर, मांडवात आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तंबाखूची थाळी ठेवायची नाही. पाणी आणि बडीशेप पुरे. एका आजोबांनी कडाडून विरोध केला. "पाहुणा काय म्हणेल?" त्यांच्याच बहिणीने उत्तर दिले, "पाहुणा काही म्हणत नाही, तुलाच लागते." ठराव पास झाला. गवंडीदादांनी पुन्हा तारीख धरली. सगळ्यांचे सुटले असे मी म्हणणार नाही. काहीजण आलेच नाहीत, काहींची कमी झाली पण सुटली नाही, आणि एक तरुण रिक्षावाला बैठकीत यायला लागला तेव्हा त्याच्या तोंडात दोनच बोटे जात होती.

हे बोटांचे प्रत्येकाने घरी आज करून पाहावे. आपली तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालात किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर गावठी औषध न करता सरकारी रुग्णालयात दंतविभागात दाखवावे. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. तंबाखू सुटली तर पुष्कळ चट्टे मागे हटतात. पण उशीर झाला तर हटत नाहीत. रिक्षावाल्याला आम्ही जळगावला नेले, तेव्हा सोबत त्याचा जोडीदार होता. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम आणि औषधे दिली. पुडी त्याने त्याच दिवशी बसस्थानकाच्या कचराकुंडीत टाकली. पुढच्या रविवारी त्याने बैठकीत फक्त एवढेच सांगितले, की घरी लहान भावाची बोटे मोजली, तीन जातात.

येत्या वर्षावासात ज्या गावांना अशी बैठक सुरू करायची असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. खर्च काही नाही. सतरंजी विहारात असतेच, पाण्याचा माठ आणि बडीशेपेची वाटी लागते. बैठक चालवायला तंबाखू सोडलेला एखादा माणूस मिळाला तर उत्तम, शिक्षित असलाच पाहिजे असे नाही. आशाताई किंवा आरोग्यसेविकेला महिन्यातून एकदा बोलवावे, त्यांना तोंड तपासायला सांगावे. शाळेतल्या मुलांना दुकानावर तंबाखू आणायला पाठवायचे नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे. हजेरीची वही ठेवावी, पण तिच्यात नावे लिहू नयेत. आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी वही बंद करायला लावली होती. आता आम्ही आकडे टाकतो. नऊ नंबरच्या आजींची मशेरी अजून सुटलेली नाही, सहावरून दोनवर आली आहे, आणि त्या एकही रविवार चुकवत नाहीत.